शेवटची ओळ कोणी काढली

आमच्या घरात संशयाला कधी कोणी आजार म्हटलं नाही. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, पालक आणि दसऱ्याच्या बेतानं झेंडू. वडील माल घेऊन बाजारात जायचे आणि एखाद्या दलालानं जरा जास्तच प्रेमानं चहा पाजला की घरी येऊन आईला सांगायचे, "आज लय गोड बोलत व्हता. कायतरी हाय." पुढे कधीतरी त्या माणसाचं काहीतरी निघायचंच. आणि नाहीच निघालं तर वडील म्हणायचे, "आजून निघालं नाय." त्या उत्तरापुढे कोणाचं काही चालायचं नाही. मी त्यांच्याच हाताखाली वाढले, त्यामुळे माझा स्वभाव काय झाला असेल हे वेगळं सांगायला नको.

पुढे मला नोकरीही अशी मिळाली की या स्वभावाचे पैसे मिळायला लागले. कॅनडा कॉर्नरजवळ एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली दातांचा दवाखाना. वर चढताना रोज ड्रिलचा आवाज ऐकू यायचा आणि दिवसाची सुरुवातच दात ओठ खाऊन व्हायची. आमचे मालक आधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांना मशिनवर लागणारे प्रोग्राम करून द्यायचे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला त्यांना परदेशातल्या एका कंपनीकडून काम मिळालं. ती कंपनी कंपायलर विकायची. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम वाचून तो यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. लिहिण्यात चूक असली तर तो अडतो आणि कुठे काय चुकलं ते सांगतो. निदान सांगणं अपेक्षित असतं. तसं तो सांगत नव्हता, हेच आमचं काम होतं.

खरा गोंधळ टेम्प्लेटमध्ये होता. टेम्प्लेट म्हणजे साचा. मोदकाचा असतो ना, तसाच. एकानं तो करून ठेवायचा, मग बाकीच्यांनी त्यात खवा भरावा नाहीतर उकड भरावी, आकार तोच येतो. आता कोणी त्यात अख्खे शेंगदाणे कोंबले आणि मोदक फुटला, तर चूक भरणाऱ्याची. पण आमचा कंपायलर बोट दाखवायचा साच्याकडे. साच्याच्या आत दुसरा साचा, त्याच्या आत तिसरा, त्या सगळ्यांची लांबलचक नावं, एकाच चुकीसाठी दीड-दोन पानं मजकूर. बिचाऱ्या प्रोग्रामरनं स्वतः लिहिलेली ओळ त्या पसाऱ्यात मध्येच कुठेतरी दडलेली असायची. ज्या फाइली त्यानं आयुष्यात उघडल्या नाहीत त्यांच्यात चूक आहे असं त्याला सांगितलं जायचं. तो वैतागायचा आणि परदेशातल्या कंपनीकडे तक्रार करायचा. ती तक्रार फिरत फिरत माझ्या टेबलावर यायची.

मला हे काम मनापासून आवडलं. तो मजकूर मी पोलिसापुढे दिलेल्या जबाबासारखा वाचायचे. एवढं बोलतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, हे आधीच ठरलेलं. बारकाईनं पाहिलं तर त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, फक्त अंतराअंतरावर. बाजारात कोणी एकच गोष्ट तीनदा सांगायला लागलं की वडील पाटी उचलून चालू पडायचे. मीही पहिल्याच महिन्यात कंपायलरला नियम घालून दिला की एकदा छापलेलं वाक्य पुन्हा छापायचं नाही. दोन पानांचं एक पान झालं. मग मी प्रोग्रामरची स्वतःची ओळ शोधून सगळ्यांत वर आणून ठेवली. तुझ्या या ओळीपासून सुरुवात झाली, आणि मग खाली पाहिजे तर बाकीचं पुराण. मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता आणि तो मी लपवत नव्हते.

तेवढ्यात पुण्याचे साहेब आले.

आमच्या मालकांचे एक भागीदार पुण्यात होते, त्यांचं तिथे मोठं ऑफिस. हे कंपायलरचं काम आपल्याकडे यावं अशी त्यांची इच्छा होती, आणि ती काही गुपित नव्हती. त्यांनी आमच्यावर देखरेखीला एक मॅनेजर पाठवला. सोमवारी सकाळच्या बसनं यायचे, शुक्रवारी दुपारी सिन्नर-संगमनेरमार्गे परत. मालकांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, "ताई, बाहेरचे लोक एक ट्रायल घेणार आहेत. तुमच्या या एरर मेसेजवर सगळं आहे. जमलं तर काम नाशकात. नाही जमलं तर सगळं पुण्याला जाईल. तुम्हाला तिकडे जायचं असलं तर जागा मिळेल."

मला तिकडे जाता येणार नव्हतं. नवऱ्याचं सातपूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मुलगी मराठी शाळेत तिसरीला, सासूबाईंचे गुडघे. आणि कंपायलरचं काम करणारी दुसरी कंपनी तेव्हा नाशकात मला तरी माहीत नव्हती. ही नोकरी गेली असती तर मी पुन्हा कुठल्यातरी कॉम्प्युटर क्लासमध्ये पत्र टाइप कसं करायचं ते शिकवत बसले असते. ते मी आधी पुष्कळ केलं होतं आणि पुन्हा करायची माझी तयारी नव्हती.

साहेब शरीरानं किडकिडीत, आवाजानं हळू. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. कोणावर ओरडत नसत. डबा एकटे खात. पुण्याहून फोन आला की केबिनचं दार लावून घेत आणि बाहेर आले की चेहऱ्यावर काहीही नसे. मी काहीही दाखवलं तरी म्हणत, "छान." चांगलं असलं तरी छान, साधारण असलं तरी छान. ज्या माणसाला काही नावडत नाही त्याच्याशी वागायचं कसं? आवडतं ते काय हे तरी कसं कळणार? एकदा त्यांनी माझ्या सगळ्या फाइलींची प्रत मागून घेतली. वाचायला, म्हणाले. मी दिली, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच.

ट्रायल शनिवारी झाली. अंबड-सातपूरच्या वेगवेगळ्या कंपन्यांतले पाच प्रोग्रामर बोलावले होते. प्रत्येकाला एक प्रोग्राम द्यायचा, त्यात टेम्प्लेटची एक चूक मुद्दाम पेरलेली. नव्या मेसेजवरून त्यांनी ती शोधायची. मी काचेच्या पलीकडे उभी होते. उत्तर पहिल्या ओळीतच होतं, माझ्या हातानं तिथे ठेवलेलं. आणि ते पाचही जण भलतीकडेच भटकत होते. साच्याच्या फाइली उघडत होते, डोकं खाजवत होते, एकानं तर साच्यातच दुरुस्ती करायला घेतली. जुन्या मेसेजवर लागायचा त्याहून जास्त वेळ त्यांना लागला. मधल्या सुट्टीत साहेब त्यांना खाली टपरीवर चहाला घेऊन गेले. मी गॅलरीतून पाहत होते. सगळे मिळून कशावर तरी हसले.

संध्याकाळी साहेब माझ्या टेबलापाशी आले. "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम," ते म्हणाले. "अजून एक ट्रायल मागून घेऊ. मी बोलतो त्यांच्याशी."

एवढं गोड. माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की या माणसानं त्या पाचांना आधीच पढवून ठेवलंय. नवरा मोटारीची तार गुंडाळत होता. म्हणाला, "तुला दुधातसुद्धा पाणी दिसतं."

"असतंच की," मी म्हणाले.

पण नुसता संशय घेऊन बसणाऱ्यांतली मी नाही. मला पुरावा लागतो. साहेबांचा हात पोहोचणार नाही असा एखादा प्रोग्रामर मला हवा होता, आणि तो घरातच होता. माझा धाकटा दीर अंबडला एका कारखान्यात प्रोग्राम लिहायचा. रविवारी त्याला मटणाच्या जेवणाचं आमिष दाखवून बोलावलं आणि जेवणाआधी कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"भाऊजी, एवढी एक चूक शोधा आणि मग ताटावर बसा."

त्यानं प्रोग्राम चालवला. मेसेज आला. माझी ती पहिली ओळ पडद्याच्या वर लखलखीत दिसत होती. दिरानं एक बटण दाबलं आणि सरळ तळाला गेला. शेवटची ओळ वाचली, कपाळाला आठ्या घातल्या, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. खालून वर चढत राहिला. मध्ये कुठेतरी साच्याच्या फाइलीचं नाव सापडलं तसा तो तिकडे वळला आणि हरवला.

"वरून का नाही वाचत?" मी विचारलं.

तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. "वहिनी, एरर वरून कोण वाचतं?"

मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मीही वरून वाचत नव्हते. कोणीच वाचत नव्हतं. आम्ही सगळे नव्वदच्या दशकातल्या त्या क्लासेसमधून बाहेर पडलेले. पडदा काळा, त्यावर मावायच्या पंचवीस ओळी. मेसेज त्याहून लांब असला की वरच्या ओळी भर्रकन निघून जायच्या आणि परत काही येत नसत. त्या कशा परत आणायच्या ते कोणी शिकवलं नव्हतं. मशीन एक, त्यावर तिघं. मागे सर उभे. "खालची ओळ वाचा, सुधारा, उठा," हे त्यांचं पालुपद. मेसेजला सुरुवात असते हेच आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. नंतर मोठे पडदे आले, वरखाली सरकवता येऊ लागलं, पण नजर जी तळाला चिकटली ती चिकटलीच. मी काम करताना वर बघत होते ते फक्त एवढ्यासाठी की ती ओळ मी स्वतः तिथे ठेवली होती.

म्हणजे त्या पाचांना कोणी पढवलं नव्हतं. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हे लोक खालून वाचतात हे साहेबांना आधीपासून माहीत असणार. माहीत असून त्यांनी माझी ओळ वर राहू दिली. दिरानं मटण मात्र पोटभर खाल्लं.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की मला खाली एक शेवटची ओळ घालायची आहे. सगळं पुराण संपलं की पुन्हा एकदा: सुरुवात तुझ्या अमुक ओळीपासून झाली, ती बघ. साहेबांनी ऐकून घेतलं. ते मोठ्या कॉलेजात शिकलेले, तिथे मेसेज पानापानानं थांबत थांबत यायचा. त्यांना हे खालून वाचणं माहीतच नव्हतं, असं ते म्हणाले.

"वर सांगितलंय तेच खाली पुन्हा सांगायचं? बाहेरचे लोक हसतील, मॅडम."

"हसू देत. चूक सापडली म्हणजे झालं."

त्यांनी थोडा वाद घातला. मग ऑफिसमधल्या दोघांना बसवून स्वतः पाहिलं, आणि ते दोघंही तळाला गेलेले पाहून म्हणाले, "छान." या वेळी ते नेहमीपेक्षा जरा हळू म्हणाले. त्या हळूपणाचाही मी बराच विचार केला.

ओळ घातली. उत्तम चालली. दुसऱ्या ट्रायलसाठी कंपायलर परदेशातल्या कंपनीकडे पाठवायच्या आदल्या दिवशी साहेब पुन्हा माझ्याकडे आले. म्हणाले, "वरचे शब्द वेगळे आहेत आणि खालचे वेगळे. वाचणाऱ्याला वाटेल दोन चुका आहेत. दोन्हीकडे अगदी तेच शब्द ठेवूया का? मी करतो, तुम्ही बाकीचं बघा."

माझ्यापुढे कामाचा ढीग होता. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हात घालायला निमित्त सापडलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपायलर चालवून पाहिला. शेवटची ओळ नव्हती. दुसरा प्रोग्राम घातला, तरी नाही. मेसेज वर सुरू व्हायचा, साच्यांचं पुराण सांगायचा आणि तसाच अर्धवट थांबायचा. कोणती फाइल कोणी कधी बदलली हे आमच्याकडे मशीनच लक्षात ठेवायचं. मी त्यात सगळ्यांत शेवटी कोणाचं नाव आहे ते पाहिलं. साहेबांचं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी नक्की काय बदललंय ते उघडून बघावं हे मला सुचलंच नाही. नाव मिळालं होतं, बास झालं.

मी तडक मालकांच्या खोलीत गेले. साहेब तिथेच बसले होते. दार उघडं राहिलं, त्यामुळे बाहेरच्यांनीही सगळं ऐकलं, आणि ऐकावं असंच मला वाटत होतं. मी म्हणाले की हा माणूस आल्या दिवसापासून हे काम पुण्याला न्यायच्या मागे आहे. दार लावून फोन करतो. माझ्या फाइली मागून नेल्या. ट्रायलची माणसं चहाला नेली. आणि आता काम जमत आलेलं पाहून नेमकी ती ओळ काढून टाकली, जिच्यावर माझी नोकरी टांगलेली आहे. इतके महिने साठलेलं सगळं मी एका दमात बाहेर काढलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "ओळ मी काढलेली नाही. शब्द बदलले, तेही तुम्हाला सांगून."

"मग ओळ गेली कुठे?"

त्यांनी मालकांच्या टेबलावरचा पडदा स्वतःकडे वळवला. मेसेज वरपासून खालपर्यंत एकदा सावकाश पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला म्हणून त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण ते बोलले नाहीत.

गप्प बसणाऱ्या माणसाचं काय समजायचं ते मला घरूनच शिकवलेलं होतं.

मालक फार अवघडले. ते भले माणूस, त्यांना भांडण सोसत नसे. म्हणाले, "ताई, ओळ परत घालता येईल ना? आज पाठवायचंय."

मी तिथेच, सगळ्यांदेखत, साहेबांचा बदल काढून टाकला आणि आधीची फाइल ठेवली. कंपायलर चालवला. शेवटची ओळ जिथल्या तिथे आली. यापेक्षा मोठा पुरावा काय असतो? मालकांनी एक उसासा टाकला आणि साहेबांना म्हणाले की पुढच्या आठवड्यापासून तुम्ही पुण्याहूनच बघा, इथलं मॅडम सांभाळतील. त्यांनी ते नरमाईनं सांगितलं, पण त्याचा अर्थ काय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

शुक्रवारी साहेबांनी डबा आणि छत्री बॅगेत भरली. बाहेर पडताना माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबले. "ते शब्दांचं मात्र बघा," म्हणाले. "दोन चुका वाटतात." आणि दवाखान्याच्या आवाजातून जिना उतरून गेले. मला वाटलं, जाताजाताही खोड काढली.

कंपायलर माझ्या शब्दांनिशी गेला. दुसऱ्या ट्रायलला पाच नवे प्रोग्रामर होते. ते तळाला गेले, शेवटची ओळ वाचली, आपली चूक सुधारली आणि चहाची वाट बघत बसले. मी घरी पेढे नेले. मालकांनी भागीदारांना फोन करून सांगितलं की काम नाशकातच राहील, आणि तो फोन त्यांनी दार उघडं ठेवून केला. महिनाभर मी ऑफिसमध्ये अशी वावरत होते की जणू बंगला माझ्याच नावावर आहे.

मग परदेशातल्या माणसाचा फोन आला, मालकांच्या खोलीत, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्यानं आधी माझं नाव विचारलं. मग म्हणाला, ती खालच्या ओळीची कल्पना तुमची ना? आमच्याकडच्या लोकांनाही आवडली. मी हो म्हणाले आणि लगेच मनात प्रश्न उभा राहिला. याला हे कोणी सांगितलं? मालकांना त्यातलं काही कळत नव्हतं. मी त्याच्याशी आजच पहिल्यांदा बोलत होते. एवढे दिवस त्याच्याशी बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला माझी कल्पना स्वतःच्या नावावर सहज खपवता आली असती. मी तर ते झालंच असणार असं धरून चालले होते.

एवढ्यात तो म्हणाला, एकच छोटी तक्रार आहे. वरचे आणि खालचे शब्द वेगळे आहेत. लोकांना वाटतं दोन चुका आहेत. सारखे करून द्याल का?

मी जागेवर येऊन बसले. खालच्या ओळीचे शब्द काढले आणि वरच्या ओळीचे तिथे ठेवले, अक्षर न् अक्षर तेच. कंपायलर चालवला. वरची ओळ आली, पुराण आलं, आणि खाली काही नाही.

त्या दिवशी त्या फाइलीला माझ्याखेरीज कोणाचाही हात लागलेला नव्हता. शेवटचं नाव माझं होतं. मी तो रिकामा तळ बघत राहिले. एकदा छापलेलं वाक्य पुन्हा छापायचं नाही. पहिल्या महिन्यात, मोठ्या हुशारीनं, मीच घालून दिलेला नियम. शब्द वेगळे होते तोवर त्याला दोन वाक्यं दोन वाटत होती. शब्द सारखे झाले तशी त्यानं दुसरी ओळ इमानेइतबारे गिळली. साहेबांनी शब्दच बदलले होते, मला विचारून, आणि बदल अगदी बरोबर होता.

नियमात एक अपवाद घालायला पाच मिनिटं लागली. एवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेले. खालचं ड्रिल थांबलं, पंखे थांबले. बाकीचे चहाला गेले. मी बंद पडद्यासमोर तशीच बसून राहिले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो येत होता. त्या दिवशी तोंड उघडून एक वाक्य बोलायला या माणसाला काय झालं होतं? स्वतः बुडला, आणि मलाही असं तोंडघशी पाडलं.

लाइट आल्यावर मी पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. त्यांना आता दुसरंच कुठलं तरी काम दिलं होतं, हिशेबाच्या प्रोग्रामचं. ते फोनवर आले.

"ओळ सापडली," मी म्हणाले. नमस्कार नाही, चौकशी नाही.

कुठली ओळ, असं त्यांनी विचारलं नाही. "दुबार वाक्य गाळायचा तुमचा तो नियम," ते म्हणाले. "हो ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. तुम्ही मालकांसमोर बोलत होतात, तेव्हा पडदा बघताना लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला. ओळ गेली कुठे, असं विचारलं होतं."

 

"ते विचारणं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "शब्द केलेत ना सारखे?"

"केले."

"छान," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते काम पुढे बरीच वर्षं नाशकात राहिलं, आणि मीही. त्यांच्या दार लावून केलेल्या फोनांचं काय होतं ते मला आजही माहीत नाही. त्या 'छान'चा अर्थही मी अजून लावते आहे, आणि या खेपेला मी वडिलांसारखं म्हणून पाहिलं, आजून निघालं नाय. पण ते वाक्य माझ्या तोंडून नीट निघेना.